होळीला मेळघाटात

चिखलदऱ्याला लोक जातात ते पावसाळ्यात. धुकं, धबधबे, भाजलेली कणसं आणि परत. फाल्गुनात जातोय म्हटलं की ज्याला त्याला एकच प्रश्न: तिथं आता पाहायला काय आहे? पाहायला इथल्या कोरकू आदिवासींची होळी आहे, आणि ती पाहायची तर उन्हाळा तोंडावर असतानाच जावं लागतं. भावाचे एक मित्र सेमाडोहच्या पुढं एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी आहेत. ते दर वर्षी बोलवायचे. यंदा आई म्हणाली, माझे गुडघे शाबूत आहेत तोवर चला. आई, धाकटा भाऊ, त्याची आठवीतली मुलगी आणि मी असे वर्ध्याहून निघालो.

होळीच्या आदल्या दिवशी: अमरावती, परतवाडा, घाट

अमरावतीत गिला वडा खाल्ल्याशिवाय पुढं जायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. उडदाचा मऊ वडा, वर दही, चिंचेची आंबटगोड चटणी. आईनं दुसरी प्लेट मागवली तेव्हाच कळलं की तिचा मूड चांगला आहे.

अमरावती ते परतवाडा ५० किलोमीटरच्या आसपास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हरभरा निघून गेलेला, गहू सोनेरी झालेला, संत्र्याच्या बागांत मृगाच्या बहाराची उरलीसुरली फळं. परतवाड्याला गाडी ठेवली आणि पुढं जीप घेतली, कारण गुरुजींच्या गावाचा शेवटचा तुकडा आमच्या गाडीला झेपणारा नव्हता.

परतवाड्याचा बाजार त्या दिवशी पाहण्यासारखा होता. साखरेच्या गाठींच्या माळा, प्लास्टिकच्या पिचकाऱ्या, गुळाच्या भेल्या, लुगडी, पोरांचे चकाकते शर्ट. आणि सगळीकडे डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं. कुणाच्या बोचक्यातून तवा डोकावतोय, कुणी गुंडाळलेली ताडपत्री खांद्यावर टाकलेली, एका बाईच्या काखेत बाळ आणि हातात नवी कोरी ढोलकी. ही मेळघाटातली कोरकू कुटुंबं. दिवाळीनंतर हाताला काम नसतं म्हणून कुणी अमरावती-अकोल्याकडे बांधकामावर, कुणी हरभरा सोंगायला, कुणी वीटभट्टीवर जातं. होळीला मात्र घरी यायचंच. ठेकेदारानं पैसे अडवले तरी येतात, असं आमचा जीपवाला सांगत होता. तो परतवाड्याचाच. म्हणाला, "सारा मेळघाट आता घरी येऊन राह्यला जी. एसटीत पाय ठेवायले जागा नाही. पंधरा दिवसांनं पाह्यजा, हेच लोक बोचके घेऊन उलटे निघतीन."

तिथून चिखलदरा ३० किलोमीटर, बहुतेक सगळा घाट. सागाची पानं झडून गेलेली, त्यामुळं डोंगराचा सगळा सांगाडा दिसतो. आणि त्या करड्या रानात मध्येच पळस. नुसत्या फांद्या आणि फुलं, पान एकही नाही. पावसाळ्यात हाच घाट हिरवागार असतो पण वीस फुटांपलीकडचं धुक्यानं दिसत नाही. आता दरीच्या तळापर्यंत नजर जात होती. मला तर हाच मेळघाट जास्त आवडला.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आहे. खाली परतवाड्यात घाम निथळत होता आणि वर संध्याकाळी आईनं शाल काढली. खोलीत सामान टाकून आम्ही भीमकुंडाकडं गेलो. गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते: पांडव अज्ञातवासात विराटाच्या दरबारी होते, राणीचा भाऊ कीचक सैरंध्री झालेल्या द्रौपदीच्या मागं लागला, भीमानं त्याला मारून इथल्या दरीत फेकला आणि या कुंडात हात धुतले. त्या कीचकाच्या दऱ्यावरून चिखलदरा हे नाव पडलं, असं इथं जो तो सांगतो. मार्चमध्ये धबधब्याच्या जागी कातळावर नुसता ओला काळा पट्टा असतो. भाची थोडी हिरमुसली. पण त्या पट्ट्यामुळंच कडा किती उभा आणि किती खोल आहे ते नीट दिसलं. गर्दी नव्हती. आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो.

रात्री ज्वारीची भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, ठेचा, आणि वर रबडी. रबडी इथं खावीच. गाविलगडच्या डोंगरात गवळी पिढ्यानपिढ्या जनावरं राखून आहेत, दूध आटवून खवा करतात, आणि त्या खव्या-रबडीची चव खालच्या शहरात मिळत नाही.

(जाणाऱ्यांसाठी: पेट्रोल परतवाड्यातच भरा. रोख पैसे खालूनच घेऊन या. चिखलदऱ्यात मोबाइलला रेंज असते, पण जंगलात उतरलं की ती मध्येमध्ये जाते. मार्चमध्येही एक स्वेटर हवाच.)

होळी पौर्णिमा: सकाळी गाविलगड

सकाळी लवकर किल्ल्यावर गेलो. गाविलगड गवळ्यांचा म्हणून गाविलगड. दगडी बांधणीचं श्रेय बहमनी सुलतान अहमदशहाकडं जातं, साल १४२५. पुढं इमादशाही आली, मग निजाम, मग नागपूरकर भोसले. दरवाज्यावरच्या शिल्पापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी, चोचीत हत्ती धरलेले. पंखांच्या रेघा अजून इतक्या स्पष्ट आहेत की भाचीनं वहीत त्याचं चित्र काढलं.

किल्ल्याचा शेवटचा मोठा दिवस १५ डिसेंबर १८०३. त्याआधी २९ नोव्हेंबरला अडगावला भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला होता आणि उरलेली फौज इथं वर आली होती. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, दक्षिणेकडून थोपवून बसला आणि कर्नल स्टीव्हनसननं डोंगराला वळसा घालून उत्तरेच्या बाजूनं तोफा ओढत आणल्या. त्या वाटा आज जीपमधून पाहतानाही अंगावर येतात. तोफा ओढणारे हात कुणाचे असतील, हे मात्र कुठल्या फलकावर लिहिलेलं नाही. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. तटावर उभं राहिलं की खाली वऱ्हाडाचं सपाट मैदान थेट क्षितिजापर्यंत पसरलेलं दिसतं. हा किल्ला ज्याच्या हातात त्याच्या हातात वऱ्हाड, असं का म्हणत असतील ते तिथं उभं राहून कळतं.

आत झाडी फार वाढली आहे. मोठी मशीद, तलाव, बुरूज, सगळं पडझडीतून उभं आहे. किल्ला व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, तेव्हा अंधाराच्या आत बाहेर पडा आणि आवाज करत हिंडू नका. अस्वलं आहेत. पाणी सोबत हवं, आत विकत काही मिळत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळ: गुरुजींचं गाव

जेवून सेमाडोहकडं उतरलो. वळणावळणाचा रस्ता, दोन्हीकडं साग, मध्ये मध्ये बांबू, ओढ्याकाठी अर्जुनाची मोठी झाडं. वाटेत दोनतीनदा पोरांनी बांबू आडवा धरून जीप अडवली, पण त्याबद्दल पुढं.

कोरकूंचं गाव पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्याची आखणी आधी दिसते. एकच सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या ओळी. भिंती बांबूच्या तट्ट्याच्या, त्यावर माती आणि शेण लिंपलेलं. अंगणं इतकी स्वच्छ की आईनं चपला बाहेरच काढल्या. सणासाठी घरं नव्यानं सारवली होती, काही भिंतींवर पांढऱ्या मातीचे पट्टे ओढले होते. गावाच्या तोंडाशी झाडाखाली दगडांचा ढीग, शेंदूर लावलेला. तो मुठवा देव, गावाची राखण करणारा. गुरुजींनी सांगितलं, आधी इथं नारळ ठेवू, मग आत जाऊ. तसंच केलं.

ज्यांच्या घरी उतरलो त्या घरची सून आदल्याच दिवशी अकोल्याहून परत आली होती. नवरा, दोन पोरं आणि ती, चार महिने एका इमारतीच्या पायथ्याशी ताडपत्रीखाली राहिले होते. तिनं आल्या आल्या पहिलं काम केलं ते घर सारवायचं. आम्हाला मक्याची भाकरी, उडदाची घट्ट डाळ आणि कुटकीचा भात वाढला. कुटकीचे दाणे राळ्याएवढे बारीक, भात मोकळा आणि किंचित खरपूस वासाचा. आईला तो इतका आवडला की येताना किलोभर कुटकी बांधून घेतली.

चंद्र वर यायला लागला तसं सगळं गाव बाहेरच्या मैदानात जमलं. दोन होळ्या रचलेल्या होत्या, एक मोठी, एक लहान. मोठीच्या मधोमध ताजा तोडलेला हिरवा बांबू, शेंड्याला पळसाची फुलं बांधलेली. भुमका म्हणजे गावचा पुजारी. साठीपुढचे, अंगात पांढरी बंडी, डोक्याला फेटा. त्यांनी होळीभोवती पाण्याची धार धरली, दाणे टाकले, हळू आवाजात कोरकूत काही म्हटलं. बोंबाबोंब नव्हती. आमच्याकडच्या होळीची सवय असलेल्या भाचीला ते नवल वाटलं. आग मोठी होळी चढून बांबूपर्यंत गेली, बांबूची पेरं फुटायला लागली आणि पहिल्या आवाजाबरोबर ढोलक्या सुरू झाल्या.

नाचाला घाई नसते. बायकांची रांग, एकमेकींच्या कमरेला हात, दोन पावलं पुढं, एक मागं, किंचित वाकून. समोर पुरुष ढोलक्या, टिमक्या आणि बासऱ्या घेऊन. लांब बासरीचा खर्जातला आवाज ढोलकीच्या खालून चाललेला असतो आणि सुरुवातीला तो ऐकूच येत नाही. एकदा कानाला लागला की मग तोच ऐकू येत राहतो. रांगेत म्हाताऱ्या होत्या, शाळकरी पोरी होत्या, आणि सकाळपर्यंत ज्यांच्या हाताला सिमेंट लागलेलं होतं त्या बायका होत्या. आमच्या घरच्या सुनेनं भाचीला हात धरून रांगेत ओढलं. पंधरा मिनिटांत तिची पावलं बरोबर पडायला लागली.

नाच चालू असताना गुरुजींनी मला एका आजीबाईंजवळ बसवलं. आजी कोरकूत सांगत होत्या, गुरुजी मराठीत. माणूस कसा झाला, याची गोष्ट.

फार पूर्वी हा सगळा सातपुडा ओसाड होता. रावण इथून चालला होता, त्याला माणूस दिसेना. त्यानं महादेवाला विनवलं की या डोंगरांत वस्ती कर. महादेवानं कागेश्वर कावळ्याला पाठवलं, तांबड्या मातीचं वारूळ शोधून काढ म्हणून. कावळ्यानं वारूळ शोधलं. महादेवानं त्या मातीचे दोन पुतळे केले, एक बाईचा, एक पुरुषाचा. पुतळे वाळायला ठेवले तर इंद्राचे दोन घोडे आले आणि त्यांनी ते टापांखाली तुडवले. पुन्हा केले, पुन्हा तुडवले. मग महादेवानं मातीचा एक कुत्रा केला, त्यात जीव घातला आणि राखणीला बसवला. कुत्र्यानं घोडे पळवून लावले. मग पुतळे वाळले, त्यांत जीव आला. ते मुला आणि मुलई, सगळ्या कोरकूंचे आईबाप.

गोष्ट सांगून आजीनं पायाशी झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मला राहून राहून भीमकुंडाचा फलक आठवत होता. चिखलदऱ्याच्या प्रत्येक पॉइंटवर कीचक आहे, भीम आहे, विराट आहे, आणि ती गोष्ट आपलीच आहे. पण याच डोंगरात राहणाऱ्या माणसांची स्वतःची उत्पत्तिकथा, ज्यात रावण या रानाची काळजी वाहतो आणि एक कुत्रा माणसाला वाचवतो, ती एकाही फलकावर नाही. कोरकू रावणाला आणि त्याच्या मुलाला, मेघनाथाला मानतात. दोन्ही गोष्टी एकाच दगडावर शेजारी शेजारी लिहायला काय हरकत आहे? पर्यटकाला दोन्ही कळू देत.

आम्ही रात्री उशिरा शाळेच्या खोलीत येऊन आडवे झालो. ढोलक्या पहाटेपर्यंत थांबल्या नाहीत.

धुळवड: फगवा

मेळघाटात होळीपासून पुढचे पाच दिवस फगवा चालतो. रस्त्यावर बांबू किंवा दोरी आडवी धरायची, गाडी थांबवायची, गाणं म्हणायचं, नाचायचं आणि फगवा मागायचा. मंत्री असो की ट्रकवाला, कुणाला सूट नाही. जमलेल्या पैशातून गाव एकत्र जेवण करतं. काही पर्यटक काचा वर करून हॉर्न वाजवत निघून जाताना पाहिले. त्यांना पाहून वाईट वाटलं. ही लूट नव्हे, सणाची रीत आहे. दहावीस रुपये पुरतात, आणि गाडीतून उतरून दोन मिनिटं गाणं ऐकलंत तर त्यांना पैशापेक्षा त्याचंच जास्त वाटतं.

आम्ही सकाळी गुरुजींबरोबर शेजारच्या गावाकडं निघालो. थोड्या अंतरावर एक टोळी, त्यात बारापंधरा बायका, पुढं दोन म्हाताऱ्या. एकीनं आईच्या कपाळाला गुलाल लावला, दुसरीनं हात धरून खाली उतरवलं. आईनं आधी नको नको म्हटलं, मग गुडघे विसरून चार पावलं नाचली. पन्नासाची नोट दिली तर म्हातारीनं ती डोक्याला लावली आणि आईला मूठभर मोहफुलं दिली. ताजी, रात्रीची पडलेली, मेणासारखी. आईनं तिथंच तोंडात टाकली. लहानपणी आजोळी खाल्ली होती, म्हणाली.

शेजारच्या गावात मेघनाथाचा खांब पाहिला. सागाचा उंच खांब, वर आडवं लाकूड, चढायला दोन्ही बाजूंनी खुंट्या. पायथ्याशी शेंदूर आणि नारळाच्या कवट्या. दोन दिवसांनी तिथं जत्रा भरायची होती आणि माणसं खांबाला तेल चोपडत होती. आसपासच्या गावांतले लोक नवस फेडायला येतात, बकरं देतात. आम्हाला तोपर्यंत थांबता येणार नव्हतं. तेल लावणारे एक काका गुरुजींना म्हणाले, "पाव्हण्यांना पुढल्या होळीला चार दिवस जास्त घेऊन या."

दुपारी ऊन रणरणत होतं. चारच्या सुमाराला आभाळ अचानक काळं झालं, वारा सुटला आणि बोराएवढ्या गारा पडल्या. पंधरावीस मिनिटंच, पण कौलांवर असा आवाज की बोललेलं ऐकू येईना. पोरं गारा वेचायला धावली. मोठ्यांच्या चेहऱ्यावर मात्र काळजी. मोहाचा बहर नुकता सुरू झाला होता आणि गारांनी कळ्या झडतात. मोहफुलं वाळवून विकली की उन्हाळ्यातला किराणा सुटतो. भाऊ लगेच वर्ध्याला फोन लावून गव्हाचं विचारू लागला, पण रेंज नव्हती. पाऊस थांबल्यावर ढोलक्या शाळेच्या व्हरांड्यात आल्या. ओलं चामडं शेकायला तिथंच लहानशी आगटी पेटवली आणि अर्ध्या तासात नाच पुन्हा सुरू.

(जाणाऱ्यांसाठी: दहा-वीसच्या सुट्या नोटांची जुडी खालूनच आणा. फोटो विचारून काढा, विशेषतः पूजेचे आणि बायकांचे. मोहाची दारू प्रेमानं पुढं केली जाते. नको असेल तर हात जोडून तसं सांगा, कुणी रागावत नाही. गावात मुक्काम ओळखीशिवाय करू नका. सेमाडोह आणि कोलकासला वनखात्याची राहण्याची सोय आहे, ती आधीच ठरवा. होळी-धुळवडीला सफारी चालू आहे की नाही तेही आधी विचारून घ्या.)

दुसऱ्या दिवशी: कोलकास, सिपना

पहाटे निघताना मोहाखाली बायका टोपल्या घेऊन बसलेल्या होत्या. गारांनी काही कळ्या गेल्या होत्या, पण झाडाखाली अजून पिवळट सडा होता. एक गोष्ट इथं लिहायलाच हवी. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायची जुनी सवय आहे आणि त्यातून मेळघाटात वणवे लागतात. या गावात मात्र झाडाखाली खराट्यानं झाडलेलं होतं. गुरुजींच्या शाळेतल्या पोरांनी घरोघरी सांगून हे घडवलं, आणि त्याचा गुरुजींना जितका अभिमान तितकाच मलाही वाटला.

सेमाडोहहून कोलकास पंधराएक किलोमीटर. सिपना नदी इथं वळण घेते आणि विश्रामगृह त्या वळणाच्या वर उंचावर आहे. सिपना, खंडू, खापरा, गडगा आणि डोलार या मेळघाटच्या पाच नद्या, आणि पाचही तापीला जाऊन मिळतात. देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ मध्ये झाले, त्यांत महाराष्ट्रातला एकटा मेळघाट. त्याच्या पोटात गुगामल राष्ट्रीय उद्यान, क्षेत्रफळ ३६१ चौरस किलोमीटर. इथं ताडोब्यासारखा वाघ रस्त्यावर उभा राहत नाही. डोंगर, चढउतार आणि दाट रान. वाघ पाहायचाच असा हट्ट असेल तर दुसरीकडं जावं.

आमचा गाइड तरुण कोरकू मुलगा होता. वाघाला तो कुला मामा म्हणत होता, नुसतं वाघ म्हणालेलं मी एकदाही ऐकलं नाही. मामाच्या पंज्याचे ठसे ओढ्याच्या रेतीत दिसले, आदल्या दिवशीच्या गारांनंतरचे, म्हणजे ताजे. रानगव्यांचा कळप दिसला, मध्ये एक तांबूस वासरू. पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट दिसली ती सकाळी नऊच्या उन्हात, सागाच्या सुक्या फांदीवर. एवढासा, गोल डोक्याचा, पिवळ्या डोळ्यांचा रानपिंगळा. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला दिसलाच नव्हता, संपला असंच मानलं होतं. १९९७ मध्ये ११३ वर्षांनी तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि मग मेळघाटातही त्याची चांगली संख्या आढळली. इतर घुबडांसारखा तो दिवसा लपून बसत नाही. आमच्याकडं पाहत शेपटी डावीउजवीकडं झटकत होता. भाचीनं श्वास रोखून धरला होता.

परतताना गाइडनं एका मोठ्या झाडाखाली नेलं. तिथं लाकडी मुंडे उभे होते. मेलेल्या माणसाच्या नावानं फुलजगनीचा विधी करतात, तेव्हा सागाच्या जाड फळीवर कोरून हे रोवतात. हातभर रुंद फळी, वर एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र. मधे घोडेस्वार, त्याच्या खाली हातात हात धरून नाचणाऱ्यांची रांग. कडेनं वेलबुट्टी. जुने मुंडे उन्हापावसानं राखाडी होऊन भेगाळले होते, स्वाराचा चेहरा पुसला गेला होता, नाचणाऱ्यांची रांग मात्र शाबूत होती. एक नवा होता, लाकूड अजून तांबूस, छिन्नीच्या खुणा ताज्या. तो गाइडच्या आजोबांचा. गाइडचं मूळ गाव गाभ्याच्या जंगलातलं, पुनर्वसनात उठलेलं. घरं, गुरं, माणसं खाली मैदानात गेली. त्यानं सांगितलं की नव्या ठिकाणी वीज आहे, शाळा जवळ आहे, पण आजोबांनी मरताना सांगितलं होतं की माझा मुंडा रानातच रोवा. नातेवाइकांच्या या गावानं जागा दिली. व्याघ्र प्रकल्पातून बोरी, कोहा, कुंड ही गावं सर्वांत आधी उठली, नंतर आणखी कितीतरी. वाघासाठी जागा हवी हे मलाही पटतं. पण ज्यांनी ती सोडली त्यांचं ऋण आपण सफारीच्या तिकिटात फेडलं असं कुणी समजू नये.

शेवटचा दिवस: वैराट, आमझरी, परत

पुन्हा चिखलदऱ्याला चढलो. वैराट हे मेळघाटातलं सर्वांत उंच ठिकाण, ११७८ मीटर. विराटाची राजधानी इथं होती असं म्हणतात. इथलंही गाव उठलेलं आहे आणि जुन्या शेतांत आता कमरेएवढं गवत. सांबरांचा कळप त्यातून मान वर काढून पाहत होता.

आमझरीत मध घेतला. मधाचं गाव म्हणून त्याचं नाव झालं आहे, आणि मधपेट्या कशा ठेवतात ते तिथली माणसं मनापासून दाखवतात. चिखलदऱ्यात कॉफीची झाडंही पाहिली, महाराष्ट्रात कॉफी होते ती इथं. ब्रिटिश काळातली लागवड. स्ट्रॉबेरी संपत आली होती, तरी एका शेतावर टोपलीभर मिळाली.

निघण्याआधी गवळ्याकडं खवा घ्यायला थांबलो. मोठी लोखंडी कढई, खाली लाकडाची आग, आणि बाई न थांबता उलथनं फिरवत होती. दूध कडेला लागतं तिथं ती उलथन्यानं खरवडून मध्ये लोटायची, पुन्हा पुन्हा. आईनं तिला विचारलं की उन्हाळ्यात चाऱ्याचं काय करता. ती म्हणाली, "मे महिन्यात लय हाल होते काकू. पाणीबी आटते. पण म्हशी खाली नेल्या की दुधाले ही चव नाही राहत." तिनं खव्याचा गरम गोळा पळसाच्या पानावर ठेवून भाचीच्या हातात दिला आणि वजन करताना तो धरला नाही.

घाट उतरताना दोन ठिकाणी पुन्हा फगव्याला थांबलो. सुट्या नोटा संपल्या होत्या, म्हणून भावानं गाठींची उरलेली माळ दिली. पोरांनी ती तिथंच तोडून वाटून घेतली. खाली परतवाड्याच्या फाट्यावर समोरून येणाऱ्या एसटीतून अजूनही बोचकी उतरत होती. त्या माणसांना मेघनाथाच्या जत्रेला पोचायचं होतं.